कंपाउंडरचं गाऱ्हाणं

संजय राऊतांमुळे मी डॉक्टर झालो. सत्तरी ओलांडल्यावर, एकही परीक्षा न देता आणि तेही ऐन कोरोनात.

ऑगस्ट २०२० मध्ये टीव्हीवरच्या एका मुलाखतीत जागतिक आरोग्य संघटनेवर घसरता घसरता खासदारसाहेब बोलून गेले, की डॉक्टरपेक्षा कंपाउंडरला जास्त कळतं, आपण स्वतः औषध कंपाउंडरकडूनच घेतो. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. आपण डॉक्टरांचा अपमान केलाच नाही, असा खुलासाही मग झाला. त्या गदारोळात कंपाउंडरांना काय वाटलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. मला विचारलं असतं तर हात जोडून सांगितलं असतं, की साहेब, शब्द मागे घ्या, मला आमच्या सिंधुदुर्गातल्या वालावल गावात राहायचं आहे.

गावी परतण्यापूर्वी मी मुंबईच्या गिरणगावातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. हल्लीच्या पोरांना हा प्राणी ठाऊक नाही. दवाखान्यात लाकडी पार्टिशन असायचं, पार्टिशनला वीतभर खिडकी असायची आणि त्या खिडकीतून जो हात बाहेर यायचा तो कंपाउंडर. पेशंट घरून बाटली आणायचा. त्या बाटलीत पूर्वी काय होतं ते वासावरून कळायचं, पण आपण बोलायचं नाही. ती विसळायची, तांबडं मिक्श्चर ओतायचं, वर पाणी भरायचं. मग कागदाची अरुंद पट्टी घ्यायची, उभी दुमडायची आणि कडेला कात्रीने तिरके काप द्यायचे. उलगडली की दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर दाते. पट्टी खळीने बाटलीवर चिकटवायची. एक दाता म्हणजे एक डोस. ‘हलवून घ्या’ म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची. पट्टी कापण्यात लालबाग-परळमध्ये माझा हात धरणारा नव्हता. बाकीचं ज्ञान बेताचंच. मिक्श्चरमध्ये काय असतं ते डॉक्टरांना ठाऊक असे, ते का असतं तेही त्यांनाच ठाऊक असे, आणि मला फक्त ते कुठल्या बरणीत असतं एवढं ठाऊक असे.

पण मुलाखत टीव्हीवर लागली आणि गणपती आठवड्यावर आलेले. मुंबईची मंडळी दहा दिवसांचं विलगीकरण भोगून नुकतीच घरात शिरलेली, प्रत्येकाचा घसा खवखवतोय आणि प्रत्येकाला वाटतंय की तोच तो. पहिले आले शेजारचे आबा. आबा माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. माझ्याकडे त्यांनी आजवर फक्त कोयती मागितली होती. गडग्यापलीकडून मला नीट न्याहाळत म्हणाले, ‘‘कंपौंडर, तुका सगळा कळता, आनी इतकी वर्सां गप रवलंस?’’

मी म्हटलं, ‘‘आबा, तसं काही नाही. पुढारी बोलतात.’’

‘‘तो काय उगाच बोलात? मोठो माणूस आसा.’’

आता हेच आबा. मुंबई-गोवा महामार्ग अमुक महिन्यात पुरा होणार असं कुठल्याही पक्षाचा कुठलाही मंत्री बोलला, की आबा टीव्हीला उद्देशून असा एक मालवणी शब्द वापरतात की त्यांच्या घरच्या, आमच्या काकी, देवघराचं दार ओढून घेतात. वीज, पाणी, एसटी, काजूचा भाव, यातल्या कशावरही पुढाऱ्याचा शब्द आमच्या गावात चालत नाही. तो रस्त्याबद्दल बोलला तर आम्ही खड्डा दाखवतो, औषधाबद्दल बोलला तर वाटी पुढे करतो. हे असं का, याचा विचार मी बराच केला आहे. रस्ता आपल्याला दिसतो, यकृत दिसत नाही, एवढंच उत्तर मला सापडलं.

त्याच वर्षी, मुलाखतीच्या आधी, ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ या गोळ्या येऊन गेल्या होत्या. जानेवारी २०२० च्या अखेरीला, देशात पहिला रुग्ण सापडायच्या आदल्या दिवशी, केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कोरोनाला प्रतिबंध म्हणून या होमिओपॅथिक गोळ्या सुचवल्या होत्या. तीन दिवस उपाशीपोटी घ्या, महिन्याने परत घ्या. पुढे आपले तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या ५ कोटी लोकांना त्या फुकट द्यायचं जाहीर केलं आणि मग ज्याला निवडून यायचं होतं त्या प्रत्येकाला बाटल्या वाटायचा झटका आला. आमच्या घरी आलेल्या बाटलीवरचं औषधाचं नाव वाचायला मला भिंग घ्यावं लागलं. वाटणाऱ्याचा फोटो चष्म्याशिवाय दिसत होता.

त्यातल्या ‘३०’चा हिशेब मी आमच्या नातवाला फोनवर विचारला. एक थेंब सोमल, म्हणजे आर्सेनिक, ९९ थेंब पाणी नाहीतर अल्कोहोल. त्यातला एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत. असं ३० वेळा. म्हणजे एकावर ६० शून्यं. पृथ्वीवरच्या सगळ्या पाण्यातले रेणू मोजले तरी ते एकावर ४७ शून्यांच्या आत बसतात. थोडक्यात, आमचं देवळाचं तळं, कर्लीची खाडी आणि अरबी समुद्रासकट जगातलं सगळं पाणी तुम्ही पिऊन टाकलंत, तरी सोमलाचा एक कण पोटात जायची आशा धरू नये. लालबागला मिक्श्चरमध्ये पाणी जरा जास्त पडलं की डॉक्टर आतून ओरडायचे. इथे पाणी घालत जावं तशी औषधाची पॉवर वाढते! माझी सगळी कारकीर्द चुकीच्या पॅथीत गेली.

हे सगळं मी तळ्याच्या काठावर, संध्याकाळच्या बैठकीत, शून्यं काठीने मातीत काढून समजावलं. साठ शून्यं काढता काढता मी पायरीपर्यंत गेलो. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, ‘‘मगे तुमची बाटली तुमका नको? आमका दिया.’’

असल्या औषधांच्या विषयावर राजकारणात जेवढी एकी आहे तेवढी मला दुसऱ्या कशावर दिसलेली नाही. रामदास आठवल्यांनी गेटवे ऑफ इंडियापाशी ‘गो कोरोना’चा जप केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कोरोना त्यांच्याकडे आला. केंद्रीय मंत्री अर्जुन राम मेघवाल यांनी प्रतिकारशक्ती वाढवणारे पापड हातात धरून व्हिडिओ केला आणि पुढच्याच महिन्यात त्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली. माणूस आजारी पडला यावर हसू नये, आम्ही हसलोही नाही. पापडावर हसलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘कोरोनिल’चा प्रचार करायला व्यासपीठावर खुद्द देशाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन, म्हणजे नाक-कान-घशाचे शिकलेले डॉक्टर, आणि बाजूला आपले नितीन गडकरी. जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं, की बाबांनो, आम्ही असल्या कुठल्याही औषधाला प्रमाणपत्र दिलेलं नाही. तेव्हा आपले गृहमंत्री अनिल देशमुख यांनी, नीट प्रमाणपत्र असल्याशिवाय ते महाराष्ट्रात विकू देणार नाही, असं बजावलं. पुढाऱ्याचं आरोग्यविषयक विधान ऐकून मी टीव्हीसमोर टाळी वाजवली असा तो विरळा प्रसंग. आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘‘डास होतो?’’

मग ऑगस्ट २०२३ उजाडला आणि आमच्या किनाऱ्यावरच घाला आला. आदिवासी विकास मंत्री डॉ. विजयकुमार गावित एका कार्यक्रमात म्हणाले, की रोज मासे खाल्ले तर कातडी तुकतुकीत होते, डोळे सुंदर होतात. दाखला दिला ऐश्वर्या राय यांचा. त्या मंगळूरच्या, समुद्राकाठच्या, रोज मासे खायच्या, म्हणून डोळे तसे. हे गावितही डॉक्टर. नुसते डॉक्टर नव्हेत, पूर्वी राज्याचे वैद्यकीय शिक्षण मंत्री होते.

वालावलमध्ये त्या दिवशी जी शांतता पसरली ती वर्णन करणं कठीण. एक तर मंगळूर आणि आम्ही एकाच समुद्राला लागलेले. दुसरं म्हणजे आमच्याकडे सोमवार आणि एकादशी सोडली तर मासळीशिवाय जेवण म्हणजे आजारपण. बांगडे, पेडवे, तारले, खाडीतली काळुंदरं, सुंगटं, तिसऱ्या, आणि काहीच मिळालं नाही तर सुका गोलमा. या हिशेबाने आमच्या एसटी स्टॉपवर उभ्या असलेल्या दहा माणसांत निदान सहा विश्वसुंदऱ्या निघायला हव्या होत्या. मी आरशात पाहिलं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, उजव्याचा पिकत आलेला, आणि दोन्हींच्या पुढे बाटलीच्या बुडाची काच. आबा दुसऱ्या दिवशी बांगडे साफ करताना मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. कल्ला ओढून काढला, पोटात बोट घातलं, तिरफळं भिजत घातलेल्या वाटीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘‘तुका बहुतेक सोसाक नाय.’’

त्या वेळचे कणकवलीचे आमदार नितेश राणे, गावितांच्याच पक्षाचे. तेही म्हणाले, की मी रोज मासे खातो, माझे डोळे तसे व्हायला हवे होते, यावर काही संशोधन झालंय का ते गावितसाहेबांना विचारतो. सिंधुदुर्गात या एका प्रश्नावर कुणाचाच मतभेद नव्हता. उत्तर आलेलं माझ्या वाचनात नाही.

पण गंमत अशी, की गावित अगदीच हवेत बोलत नव्हते. माशाच्या लिव्हरच्या तेलात व्हिटॅमिन ‘ए’ असतं, ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. आमच्या दवाखान्यात शार्क लिव्हर ऑइलची बाटली फळीवर कायम असायची आणि तिचं बूच उघडलं की मालवणी पेशंटला गावची आठवण येऊन रडू फुटायचं. आजही सरकार बाळांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत व्हिटॅमिन ‘ए’चे डोस पाजतं. म्हणजे चमचाभर खरं होतंच. त्यावर बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरली आणि ऐश्वर्या रायची पट्टी चिकटवली, इतकंच. पुढाऱ्यांचं हे मिक्श्चर मला एक कंपाउंडर म्हणून लगेच ओळखू येतं. साफ खोटं कोणी पीत नाही, त्याला रंग यावा लागतो.

हसण्यावारी न्यायचं ते इथवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी खासदार नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकारांना सांगितलं, की त्यांच्या पत्नीने चौथ्या टप्प्यातला कर्करोग हळद, कडुलिंब, लिंबूपाणी अशा आहाराने हरवला. बाईंची शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपी झाली होती. ते सगळं मागे पडलं आणि लिंबू पुढे आलं. परळच्या टाटा रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना एकत्र सह्या करून पत्रक काढावं लागलं, की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. पुढे सिद्धूंनीही तो आहार उपचारांच्या जोडीनेच होता असं सांगितलं. टाटाच्या फुटपाथवर मी आयुष्यभर कोकणातली माणसं बसलेली पाहिली आहेत, बोचकी, पाण्याची बाटली आणि फाइल मांडीवर घेऊन. त्यातल्या एकाने जरी तो व्हिडिओ पाहून परतीची गाडी पकडली असेल तर त्याचा हिशेब कुठल्या निवडणुकीत होणार? दक्षिण आफ्रिकेत झाला, पण फार उशिरा. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच पटेना, आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू सांगत राहिल्या. औषधं वेळेवर दिली नाहीत म्हणून ३ लाख ३० हजारांवर माणसं हकनाक गेली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. लिंबाने त्या दोन खंडांत काय घोडं मारलं होतं कोण जाणे, प्रत्येक वेळी त्यालाच पुढे करतात.

तर माझा संताप असा साठत साठत आला होता आणि सिद्धूंचं ते प्रकरण झालं त्याच हिवाळ्यात, जत्रांच्या मोसमात, कुडाळच्या बाजूला एका पुढाऱ्याचं मोफत आरोग्य शिबिर आणि चष्मेवाटप जाहीर झालं. साहेबांचं नाव मी लिहीत नाही. ते वाचतील असं नाही, पण आबा त्यांना वाचून दाखवतील.

माझा बेत पक्का होता. साहेब काहीतरी बोलणारच. ते बोलले की उभं राहायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर कधी येणार? आमच्या जिल्ह्यात माणसाला जरा काही मोठं झालं की त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला नेतात आणि ओरोसहून ‘बांबोळेक न्या’ म्हणतात. बांबोळीला गोव्याचं मेडिकल कॉलेज. म्हणजे आमच्या आयुष्याची दोरी दुसऱ्या राज्यात बांधलेली. २०१८ पासून त्यांनी गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा आमच्याकडे केवढा आक्रोश झाला होता. डॉक्टर द्यायचा तर पगार लागतो, क्वार्टर लागतं, मशीन लागतं, मशीन चालवणारा लागतो. काढा सांगायला नुसता माइक लागतो. हे सगळं मी कागदावर मुद्देसूद उतरवलं, कागदाची घडी खिशात घातली आणि इस्त्रीचा सदरा घालून आबांना सोबत घेऊन निघालो. आबांना चष्मा हवा होता.

मंडपात रोज मासे खाणारी चारशे-पाचशे माणसं चष्म्याच्या रांगेत उभी. माझ्या पुढच्या बाईने टोपलीतून आणलेले ओले बांगडे रांगेत उभ्या उभ्याच विकून टाकले. साहेब आले, दीप पेटला, वाऱ्याने विझला, परत पेटला. आणि साहेब बोलले. माझी निराशा केली नाही. मासे डोळ्यांना कसे चांगले ते चष्म्याच्या खोक्यावर हात ठेवून सांगितलं. मग म्हणाले, आपल्या परसात हळद आहे, कडुलिंब आहे, लिंबू आहे, सकाळी उपाशीपोटी काढा घ्या, प्रेशर, शुगर, अगदी कॅन्सरसुद्धा जवळ येणार नाही, आमचे आजोबा कधी डॉक्टरकडे गेले नाहीत. (त्यांचे आजोबा कितव्या वर्षी वारले ते मात्र सांगितलं नाही.) मी उभा राहिलो. हात वर केला.

साहेबांनी हात पाहिला. त्यांच्या कानात कोणीतरी काहीतरी सांगितलं. आणि साहेबांचा चेहरा उजळला. ‘‘अरे, हे तर वालावलचे आपले कंपाउंडर! या, या, वर या. डॉक्टरपेक्षा ज्यांना जास्त कळतं ते हेच!’’ मंडप हसला. दोघांनी मला दंडाला धरून वर नेलं. क्षणात अंगावर शाल, डाव्या हातात नारळ, काखेत गुच्छ आणि उजव्या हातात माइक. कागद सदऱ्याच्या खिशात आणि खिसा शालीच्या आत. तिथे पोचायला मला तिसरा हात हवा होता.

आता मुद्दे आठवेनात. समोर पाचशे माणसं, त्यातली निम्मी ओळखीची, आणि पहिल्या रांगेत आबा, नवा चष्मा लावून माझ्याकडे अभिमानाने बघतायत. रागाने भाषण करावं हा आपला पिंड नाही. लहानपणापासून अशा जमावासमोर उभं राहून बोलण्याचा एकच प्रकार मी ऐकलेला, देवळातलं गाऱ्हाणं. तेच तोंडातून निघालं. म्हटलं, चांगलंच आहे, उपरोधाने घालू, जोडा शालीतूनच मारू.

‘‘बा देवा लक्ष्मीनारायणा, बारा गावच्या राखणदारा म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ पाचशे गळे.

‘‘आज हंय जी तुझी लेकरां जमली आसत, तेंचे डोळे मासे खावन खावन गेले आसत!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘आमका डाक्टर गावना नाय. गावलो तर टिकना नाय!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘त्येच्यापेक्षा ह्यो सायबांचो काढो बरो! रजेर जायना नाय, बदली मागना नाय, पगार मागना नाय!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आता बायकाही सामील झाल्या. मला चेव चढला. शेवटचा वार काढला.

‘‘म्हणान सायबांका उदंड आयुष्य दी, आनी उद्या तेंका काय बारीकसारीक झाला, तर तेंका मुंबयच्या मोठ्या हास्पिटलात नेवची पाळी न येता, ह्योच काढो गावांदे रे म्हाराजा!’’

सगळ्यांत मोठ्याने ‘‘व्हय म्हाराजा!’’ साहेबच म्हणाले. हात जोडून, डोळे मिटून. मग मला मिठी मारली. मिठीत नारळ होता, तो दोघांनाही लागला. रात्री व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरत होता, खाली मथळा: ‘साहेबांच्या काढ्याला ज्येष्ठ कंपाउंडरांचा आशीर्वाद’. ठाण्याहून नातवाचा फोन आला. तो काही बोलला नाही. बराच वेळ नुसता हसत होता.

इथवर माझी शोभा झाली असती तर मी शाल कपाटात ठेवून गप्प बसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावरून काकींची हाक आली. ‘‘भावजीनू, काल तुमी काय सांगलास ह्येंका? ह्येनी गोळये चुलीत टाकल्यानी!’’

धावत गेलो. आबा पडवीत बसून पेल्यातून काहीतरी पिवळंहिरवं पीत होते. प्रेशरची अ‍ॅम्लोडिपिन, आरोग्य केंद्रातून मिळालेली महिन्याची पुडी, खरोखरच चुलीत गेली होती. मी म्हटलं, ‘‘आबा, मी थट्टा करत होतो. प्रेशरची गोळी अशी बंद करत नाहीत. झटका येईल.’’

‘‘थट्टा?’’ आबांनी नवा चष्मा काढला. ‘‘तू देवाचा नाव घेवन गाऱ्हाणा घातलंस. पाचशे माणसां व्हय म्हणाली. गाऱ्हाणा काय खोटा घालतत?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. साठ शून्यांचा हिशेब इथे चालणार नव्हता. गावच्या आशा सेविका, म्हणजे आशाताईंना बोलावलं. त्यांनी पट्टा गुंडाळून प्रेशर बघितलं, ते १७० वर. आबा म्हणाले, तुझ्यामुळे वाढलं. आशाताईंनी समजावलं, काकी रडल्या, मी टाटाच्या पत्रकाची बातमी मोठ्याने वाचून दाखवली. २६२ डॉक्टर म्हणतायत म्हटल्यावर आबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘‘त्यात कंपौंडर कितके?’’

मग मी ते केलं जे पार्टिशनमागे इतकी वर्षं बसून मला चांगलं जमतं. कुडाळला जाऊन आबांच्या चिठ्ठीवर नव्या गोळ्या आणल्या. घरी एक जुनी बाटली विसळली, काकींकडून तो काढा त्यात भरून घेतला. कागदाची पट्टी दुमडली, कापली, उलगडली, खळीने चिकटवली. हात जरा थरथरला, पण दाते सरळ आले. प्रत्येक दात्यासमोर एकेक गोळी कागदाच्या पुडीत बांधून ठेवली. बाटली घेऊन आबांकडे गेलो आणि खालच्या आवाजात सांगितलं, ‘‘आबा, साहेब मंडपाच्या मागे मला एकट्याला बोलले. हा काढा नुसता घ्यायचा नाही. नुसता घेतला तर लागू पडत नाही. डॉक्टरची गोळी आधी, वर एक दाता काढा. रोज. एक दिवस चुकला तर पहिल्यापासून.’’

आबांनी बाटली उजेडात धरली. दाते मोजले. ‘‘मगे ह्या आदी सांगूक काय झाला तुका?’’ असं खेकसून तिथल्या तिथे गोळी तोंडात टाकली.

प्रेशर खाली आलं. काढा गोड करायला काकी त्यात गूळ घालतात, त्यामुळे आता साखरेची चाचणी करून घ्या असं आशाताई म्हणतायत. ते पुढचं. मध्यंतरी आबांनी ही रीत तळ्यावर सांगितली, तळ्यावरून ती बाजाराला गेली आणि वाटेत कुठेतरी साहेबांनाही भेटली असावी. परवा दुसऱ्या एका शिबिरात साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, की मी तर नेहमी सांगत आलोय, डॉक्टरांची गोळी सोडू नका, काढा घ्यायचा तो गोळीबरोबरच, आमचे आजोबा असाच घ्यायचे.

आबांनी मला कोपराने ढोसलं. ‘‘आयकलंस? शिक जरा.’’